मरळबाई माळ्यावर

आमच्या घरात कोरडी जागा एकच होती, आणि ती मासोळीसाठी राखीव होती.

भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या पुढे, एका तलावाच्या पाळीला टेकून आमचं घर. बाबा तलावात जाळं टाकतात, माय मासोळी बाजारात विकते, आणि जी विकली जात नाही ती वाळवून चुलीवरच्या माळ्यावर ठेवते. पावसाळ्यात छपराचे कवेलू गळायचे, भिंती पाझरायच्या, आणि दाराशी पाणी आलं की बाबा खाटेवर पाय घेऊन म्हणायचे, "तलाव भेटाले आला. चहा ठेव." माझी दहावीची पुस्तकं भिजून अशी फुगली की इतिहासाचं पुस्तक परीक्षेपर्यंत मिटलंच नाही. सुकी मासोळी मात्र कधी भिजली नाही. पाण्यापावसात जाळं टाकता येत नाही तेव्हा भातासोबत तीच असायची. लोकांच्या घरी तिजोरी असते, आमच्याकडे माळा होता.

अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. (दुसरं अजून कोणी झालेलं नाही, त्यामुळे मान सगळा माझ्याकडेच आहे.)

चित्रं मी कॉलेजात शिकले नाही. ती बाबांच्या पालथ्या डोंग्यावर, म्हणजे होडीच्या पाठीवर, कोळशानं शिकले. बाबा येता-जाता पाहायचे आणि म्हणायचे, "नीट काढ. खऱ्या मासोळीनं पाहिलं तर हसल." बी.ए.नंतर अंगणवाड्यांच्या भिंती रंगवल्या, लग्नपत्रिकांवर मोर काढले, एकाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गरुड काढला. मालक म्हणाला, कोंबडा छान झाला. मी पैसे मोजून घेतले. आणि या सगळ्यातून वेळ काढून मी लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं, 'मरळबाईची पोरं'. तलावातली मरळ आपल्या लालचुटूक पिल्लांच्या घोळक्याखाली पहारा देत फिरते, आणि एक पिल्लू कमळाच्या पानाखाली हरवतं, एवढीच गोष्ट.

ते मी पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवलं. त्यांचा फोन आला. चित्रं आवडली म्हणाले, फक्त मरळीच्या जागी डॉल्फिन करता येईल का? मुलांना डॉल्फिन ओळखीचा असतो.

मी घरी सांगितलं. बाबा जाळ्याची गाठ मारत होते. ते थांबले.

"तो डाल्फिन आपल्या तलावात सोडून राहिला का तो?"

"नाही बाबा, चित्रात."

"मंग चित्रात तरी मरळ राहू दे ना. तलावात कमी होऊन राहिली."

म्हणून पुस्तक मीच छापायचं ठरवलं. भिंतींचे आणि मोरांचे पैसे जमवून नागपूरच्या एका छापखान्यात पाचशे प्रती छापल्या, आणि ऐन श्रावणात एका टेम्पोनं दहा खोके आमच्या दारात, म्हणजे चिखलात, उतरवले.

नेमका तेव्हा मामा घरी होता. मामा लाखांदूरला एका राईस मिलमध्ये मुनीम आहे आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे पोत्याच्या हिशेबानं पाहतो.

"एवढे खोके," तो म्हणाला. "घेनार कोन?"

"लहान पोरं."

"पोट्ट्यायच्या खिशात कंचे-गोट्या राह्यते, पैसे नाही." मग तो मेहुण्याकडे, म्हणजे बाबांकडे, वळला. "भाटवे, दिवाळीनंतर मिलवर एक पोरगी पाहिजे, पावत्या फाडाले. मी शेठले शब्द देऊन ठेवला. दिवाळीपर्यंत हे खोके खाली झाले तर काढू द्या तिले चित्रं जनमभर. नाही झाले तर मिल."

मी आशेनं बाबांकडे पाहिलं. माझा बाप मला डॉल्फिनच्या तावडीतून सोडवणारा माणूस!

"दिवाळीपर्यंत," बाबा म्हणाले.

म्हणजे ठरलं. आता पावत्या फाडणं हे काही वाईट काम नाही. पण मी डोळे मिटले की मला मरळीची पिल्लं दिसायची, आणि मामानं डोळे मिटले की त्याला मी पावती पुस्तकावर शिक्का मारताना दिसायचे. दोघांपैकी एकाचंच खरं होणार होतं.

इकडे खोके ओले व्हायला लागले होते. माय वर पाहत उभी होती.

"माळ्यावर ठेव," ती म्हणाली.

"तिथं मासोळी आहे ना."

"मी सरकवते तिले. धुरानं कीड लागत नाही, उंदीर येत नाही. पोरीचं पुस्तक आहे, खाली ठेवाची गोष्ट आहे का?"

आणि तिनं मासोळीच्या टोपल्या एका अंगाला सारून माझ्या पुस्तकांना चुलीच्या बरोबर वरची जागा दिली. ज्या घरात पाहुण्यालाही गळक्या कोपऱ्यात झोपवतात, तिथं एवढा मान! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं धुराचंही असेल.)

पहिले काही आठवडे मी मोबाइलवर चित्रं टाकत होते, लोक मागवत होते, मी पाकिटं करून पाठवत होते. सगळं झकास चाललं होतं. मग एक दिवस खोका घेऊन मी भंडाऱ्याच्या बसमध्ये चढले, आणि कंडक्टर तिकीट द्यायच्या आधीच म्हणाला, "ताई, मासोळी टपावर टाका."

"मासोळी नाही जी. पुस्तकं आहेत."

"हो. मागच्या शनवारी एक बाई म्हणे, लग्नाच्या साड्या आहेत."

मी खोका उघडून दाखवला. त्यानं वरची प्रत उचलली. मुखपृष्ठावर माझी मरळ होती, टपोऱ्या डोळ्यांची. त्यानं मरळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्रत नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"म्हनजे आत मासोळीच आहे ना," तो म्हणाला.

मी त्याला ताठ मानेनं सांगितलं की मी पदवीधर आहे. त्यानं मान हलवली आणि मला मागच्या सीटवर बसवलं. पूर्ण रस्ताभर मी मनातल्या मनात त्याच्याविरुद्ध तक्रार लिहीत होते. भाषा फार सुंदर जमली होती.

तक्रार मनातच राहिली, कारण दुसऱ्या दिवसापासून उलट दिशेनं तक्रारी यायला लागल्या. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "पुस्तक अप्रतिम! चित्रं जिवंत आहेत. फक्त एक विचारायचं होतं, आम्ही शाकाहारी आहोत, तर हे चालेल ना?" मला काही कळेना. पुस्तक खायचं नव्हतं. मग नागपूरच्या एका दुकानदाराचा फोन, त्याच्याकडे मी काही प्रती विकायला ठेवल्या होत्या.

"ताई, तुमचं पुस्तक चाललं."

"खरंच?"

"मांजरीनं नेलं. एक घेऊन गेली, आता बाकीच्यांवर बसून आहे. बाकी पुस्तकं वापस पाठवून राहिलो."

तेव्हा कुठं माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यात प्रकाश पडला. मी घरच्यांना गोळा केलं आणि एकेकाच्या नाकाला पुस्तक लावलं.

"कागदाचा वास येऊन राहिला," बाबा म्हणाले.

"चांगला वास आहे," माय म्हणाली. "कशाचा म्हनतेस?"

मीही हुंगलं. मलाही काही येईना. जन्मल्यापासून ज्या वासात माणूस वाढतं, तो त्याला वास वाटतच नाही, हवा वाटते. शेवटी निकालासाठी शेजारच्या देवाजीकाकांना बोलवायचं ठरलं. काका माळकरी, मासोळीला शिवत नाहीत, म्हणजे नाक कोरं. मी पुस्तक घेऊन अंगणात आले. ते रस्त्यावरूनच ओरडले, "तिथंच थांब पोरी. आला मले वास."

एवढ्या लांबून! माय पदराला हात पुसत चुलीपाशी जाऊन बसली. "मी तर चांगल्यासाठी ठेवली होती," एवढंच म्हणाली, आणि मला त्या वासापेक्षा तेच जास्त लागलं.

मग उपाय सुरू झाले. प्रती पाळीवर उन्हात मांडल्या, तर बगळे येऊन मुखपृष्ठावरच्या मरळीला चोची मारायला लागले. (चित्रकाराला यापेक्षा मोठी दाद मिळत नाही, पण त्या क्षणी ती दाद वाटली नाही.) कडुलिंबाचा पाला घातला. कापूर ठेवला. बाबांनी कोणाच्या तरी लग्नात मिळालेली अत्तराची कुपी आणून एका खोक्यावर उलटी केली. मायनं लोबानाची धुरी दिली. चौथ्या दिवशी देवाजीकाकांना पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं.

"आता कसं वाटते," ते म्हणाले, "की मासोळी देवदर्शन करून आली."

दिवाळी महिन्यावर आली. सहा खोके तसेच होते. मामाचा फोन आला की शेठनं नवी खुर्ची आणली आहे, गोल फिरणारी. मी म्हटलं, बरं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका शाळेतल्या मॅडमनी सुट्ट्या लागायच्या आधी माझा कार्यक्रम ठेवला होता, तेवढा करून मी चित्रांचं सामान बांधून ठेवणार होते. कार्यक्रम रद्द करायचा धीर झाला नाही, म्हणून मी गेले. खोका धरायला माय सोबत आली. बसमध्ये आम्ही आपणहून मागच्या सीटवर बसलो.

वर्गात पोरं दाटीवाटीनं बसली होती. माय दारातच थांबली. मॅडमनी प्रती वाटल्या आणि मी भाषण काढलं. 'बालसाहित्यातील चित्रांचे स्थान', असा विषय मी स्वतःच निवडला होता. दुसऱ्या वाक्याला पहिल्या रांगेतली नाकं आकसली. तिसऱ्या वाक्याला मागची रांग उठून उभी राहिली. मी कागद घडी करून ठेवला.

"पोरांनो," मी म्हटलं, "या पुस्तकाले वास येते. ते—"

"हो मॅडम," पुढची एक पोरगी नाक पानात खुपसून म्हणाली. "यातली मरळ खरी आहे."

"माह्या पुस्तकातली जास्त खरी आहे," दुसरा म्हणाला.

"दाखव. हट बे, तुह्यात अत्तर येऊन राहिलं."

"कमळाच्या पानाजवळ हुंग ना. तिथं पिल्लू लपलं आहे, तिथं जास्त येते."

पाहता पाहता सगळा वर्ग पुस्तकावर नाक ठेवून पिल्लू शोधायला लागला. शेवटच्या पानावर ते सापडल्यावर एकानं मान वर केली आणि अत्यंत आदरानं विचारलं, "ताई, हा वास तुम्ही आत कसा टाकला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण माझ्याकडे इतक्या आदरानं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. (ट्रॉलीवाल्यानं तर नाहीच.) मी थोर कलावंतासारखी गूढ हसले.

"चुलीवर ठेवा लागते," दारातून माय म्हणाली. "दोनतीन मह्यने. हिले काय माहीत, हिले तर वासच येत नाही."

वर्ग हसून हसून आडवा झाला. मॅडमसुद्धा. मी हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हसणं ओसरलं तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिचा बाप वैनगंगेवर मासोळी धरतो, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. ती पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "आमच्या घरी असाच वास येते." आणि मग बाजूच्या पोराकडे वळून, "रोज नाक दाबतोस ना रे? दाब आता."

त्या पोराचं नाक तेव्हा पुस्तकातच होतं.

त्या वर्गात वाटलेली एकही प्रत परत आली नाही. मॅडमनी इतर शाळांतल्या मॅडमना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि माझा फोन वाजायला लागला. "वासवालं पुस्तक तुमचंच का?" नागपूरच्या दुकानदारानं वापस पाठवलेली पुस्तकं वापस मागवली. (मांजरीचं त्यानं काय केलं, मी विचारलं नाही.) पुण्याच्या बाईंनीही नातवासाठी आणखी एक मागवलं, तो म्हणे पुस्तक उशाशी घेऊन झोपतो आणि त्या दुसऱ्या खोलीत. ज्यांना मी कापूर आणि अत्तरवाल्या प्रती पाठवल्या, त्यांनी मात्र लिहिलं की मुलं नाराज आहेत, वास हवा तसा येत नाही. माय माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी म्हनतच होती."

भाऊबिजेला मामा आला. ओवाळून झाल्यावर तो सरळ शिडी लावून माळ्यावर चढला. वरून टोपल्या सरकवल्याचा आवाज आला. मग खाली उतरून त्यानं हात झटकले.

"वर तर नुसती मासोळीच आहे."

"हो," बाबा म्हणाले.

मामानं चहा घेतला. कप खाली ठेवताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "एखादं राह्यलं असन तर दे. शेठच्या नातीले पाहिजे."

"संपली मामा."

"त्या खुर्चीचं मी शेठले सांगतो मंग," तो म्हणाला.

राईस मिलमध्ये आता दुसरी मुलगी आहे. दुसऱ्या छपाईच्या आतल्या पानावर मी छापलं: शब्द आणि चित्रं माझी, वास मायचा. माय म्हणाली, बापाचं नाव टाक, मासोळी त्यानं धरली. बाबा म्हणाले, मंग मरळीचंही टाक. शेवटी सगळ्यांचीच टाकली.

पहिली छपाई संपली, दुसरी संपत आली आहे, आणि आज मी चित्रं काढून पोट भरते, हे मी कोणालाही ताठ मानेनं सांगू शकते. नवीन पुस्तक आमच्या गावातल्या एका म्हशीवर आहे. ते छापून व्हायच्या आधीच शाळांनी मागणी नोंदवली आहे, आणि सगळ्यांनी अगदी नम्रपणे एकच अट घातली आहे: या वेळी वास नको.