लग्न झालं नाही म्हणून

"शादी हुई है इसकी?"

प्रश्न माझ्याबद्दल होता. डॉक्टरांनी विचारला पप्पांना. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. चोवीस वर्षांची. मानेत गाठ, छातीत गाठी. रिपोर्टमध्ये लिम्फोमा लिहिलेलं. रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार.

पप्पा म्हणाले, "नहीं सर."

"तो अभी से बच्चों की क्या चिंता है?"

टेबलाभोवती चार शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यातले दोघं हसले.

मी विचारलं होतं एवढंच, की केमो सुरू व्हायच्या आधी माझी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतील का. माझ्यासाठी ठरलेली औषधं कडक होती. त्यांच्यामुळे अंडाशय कायमचे निकामी होऊ शकतात, हे मी वाचलं होतं. यूपीएससीची तयारी करत होते, वाचायची सवयच होती. डॉक्टरांनी स्वतःहून एक शब्द सांगितला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी फाइल जवळ ओढली. आमचं आडनाव वाचलं. परत वाचलं. पप्पांचं ऑफिसचं कार्ड पाहिलं. केंद्राच्या मंत्रालयात शिपाई. मग अगदी सहज म्हणाले, "वैसे भी आप लोगों में बच्चों की कमी थोड़ी होती है."

आप लोगों में.

मी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. हे शब्द शाळेत ऐकले, स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना. कोचिंगमध्ये ऐकले, टेस्टचे मार्क लागले की. दरवेळी ऐकून गप्प बसले. पण आज हा माणूस माझ्या पोटाबद्दल बोलत होता.

पप्पांनी हात जोडले. "जी सर. आप जैसा ठीक समझें."

डॉक्टरांनी केमोच्या संमतीचा कागद पुढे सरकवला. पप्पांच्या पुढे. पप्पांनी खिशातून पेन काढलं. मी कागद ओढून घेतला.

"पेशंट मैं हूँ. साइन मैं करूँगी. आज नहीं करूँगी."

डॉक्टर पप्पांकडे बघत म्हणाले, "समझाइए इसको. देर हुई तो ज़िम्मेदारी आपकी."

"लिखकर दीजिए," मी म्हणाले. "मैंने क्या पूछा, आपने क्यों मना किया. शादी वाली बात भी लिखिए. 'आप लोग' भी."

मग त्या चौघांतली एक मुलगी, जी हसली नव्हती, स्कॅनकडे बघत हळूच म्हणाली, "सर, इस केस में दो हफ़्ते रुक सकते हैं."

म्हणजे वेळ होता. द्यायचा नव्हता.

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरकली. मग बीजं गोठवणाऱ्या एका क्लिनिकच्या नावाने दोन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी टेबलावर फेकली. ती घसरून खाली पडली. पप्पा उचलायला वाकले. साठीला आलेला माणूस, गुडघे धरून वाकलेला. त्या दिवसातलं सगळ्यात वाईट मला तेच वाटतं.

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "अगं, ते रागाने नाही बोलले."

"पप्पा, रागाने बोलले असते तर चाललं असतं. त्यांना ते खरंच वाटतं."

आम्ही मेट्रोने द्वारकेला गेलो. चिठ्ठीवरचं क्लिनिक तिथे होतं. तिथल्या फॉर्मवर पतीच्या सहीची जागा होती. काउंटरवरची बाई म्हणाली, "पिता जी कर देंगे."

या वेळी पप्पाच म्हणाले, "नहीं मैडम. ये खुद करेगी."

मी 'पती' या शब्दावर रेघ मारली आणि सही केली. अकरा दिवस आईने माझ्या पोटात बीजं वाढवणारी सुई टोचली. पहिल्या दिवशी "लग्नाआधी हे असलं," ती पुटपुटली. तरी टोचली. रोज टोचली. सहा बीजं गोठवली गेली. चौदाव्या दिवशी केमो सुरू झाली, दुसऱ्या हॉस्पिटलात.

आता उपचार संपलेत. स्कॅन स्वच्छ आहे. पाळी परत आलेली नाही. त्या सहा बीजांमधून कधी मूल होईल का, कुणी सांगू शकत नाही. मला मूल हवं आहे का, तेही मला अजून माहीत नाही. ते मी ठरवीन.

पहिल्या हॉस्पिटलला मी लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, गैरसमज झाला असावा. मी परत लिहिलं. गैरसमज नव्हता, मला नीट समजलं होतं. या वेळी एक मागणीही घातली. केमोच्या आधी प्रत्येक तरुण पेशंटला हा पर्याय सांगा. लग्नाबद्दल न विचारता. आडनाव न वाचता.

त्याचं उत्तर आलेलं नाही. मला माफीचं पत्र नको आहे, त्यांचा नियम बदलायला हवा आहे. सुनावणीला बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तरी जाईन, आणि त्या डॉक्टरांचं नाव घेऊन, त्यांच्यासमोर, त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवीन.