आण्णांनी पुसलेली पाटी

पायगोंडा आण्णांच्या संग्रहालयात गेलं की माहिती मिळण्याआधी परीक्षा व्हायची. उंबऱ्यातच ते एखादी वस्तू हातावर ठेवत आणि विचारत, "सांगा बघू, ह्ये काय हाय?" रहिमतपूरहून बदली होऊन मी सांगलीजवळच्या त्या गावी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझ्या हातावर भाजलेल्या मातीचा गोळा आला. मी म्हणालो, "खेळणं असेल." आण्णा हसले. "गोफणीचा गुंडा हाय. पर तुमचंबी खोटं न्हाई. आमी ल्हानपणी ह्यानंच खेळलोय."

आण्णा जैन पाटलांच्या घरचे, उसाचे बागायतदार. महायुद्धाचे दिवस होते. जगात एवढी मोडतोड चाललेली असताना हा माणूस वाड्याच्या सोप्यात जुनी नाणी, पोथ्या, दळायची दगडी जाती मांडून बसलेला. दसऱ्यानंतरच्या रविवारी ते 'वळखीचा दिवस' करत. अनोळखी वस्तू घोंगडीवर मांडायच्या, जाणत्यानं बोलायचं, आणि त्याच्या नावासकट मी ते पाटीवर लिहायचं. आण्णा म्हणत, "पुस्तकवाले मागनं. ज्यानं हाताळलं त्यो आदी बोलंल."

अंगणात एक वीरगळ होता, लढताना पडलेल्या माणसाचा कोरीव दगड. खाली खडूनं लिहिलेली पाटी होती, 'गाईंसाठी तलवारीनं लढलेले आमचे पूर्वज पाटील'. घरचे नवरदेव आधी त्याच्या पाया पडत.

एका वर्षी त्याच दिवशी वेशीची राखण करणारे म्हातारे धोंडीबा येसकर फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "आण्णा, राग येणार नसला तर बोलतो."

"आत येऊन बोला."

ते बिचकत आत आले. "ह्यो गडी आमच्यातला हाय. हातात तलवार न्हाई, काठी हाय."

आण्णांचे थोरले बंधू कडाडले, "सारं गाव तलवार म्हणतंय."

"टोकाला बोट लावून बघा, मालक. घुंगरं हायती. तलवारीला कवा घुंगरं असत्यात?" धोंडीबांच्या हातातली येसकराची घुंगूरकाठी सगळ्यांना दिसत होती.

आण्णा गुडघ्यांवर बसले. झिजलेल्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं, मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं.

"मास्तर, पाटी पुसा."

मी थोरल्यांकडं बघत राहिलो. तेव्हा त्यांनीच धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली. "लिवा. गावची गुरं राखताना पडलेला येसकर. सांगणार, धोंडीबा येसकर."

थोरले उठून गेले. आठ दिवसांत भावांनी सोपा रिकामा करायला सांगितला. आण्णांनी सगळं आपल्या उसातल्या बंद गुऱ्हाळात नेलं. वीरगळ वासे बांधून न्यायला धोंडीबांच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं आली. भर दुपारी, गावादेखत, आण्णांनी त्यांच्या जोडीनं खांदा दिला. पुढच्या 'वळखीच्या दिवशी' वस्तीतल्या बायका आपल्या घरच्या जुन्या वस्तू घेऊन आल्या आणि त्याच घोंगडीवर बसल्या.

भाऊ मात्र बोलेनासे झाले. सणावारी आण्णा ताट अर्धंच ठेवून उठत.

दोन-तीन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा थोरले पहिल्यांदा आले. मी शेजारीच होतो. थोरले म्हणाले, "पायगोंडा, चूक हुती तर हुती. पर एवढ्या लोकांदेखत पुसायची काय गरज हुती?"

आण्णांना धाप लागत होती. ते सावकाश म्हणाले, "दादा, लिवलं हुतं ते लोकांदेखतच की."

थोरले उठले नाहीत. आण्णा जाईपर्यंत, दोन दिवस, ते तिथंच बसून होते.