नळाचा शुक्रवार

माझ्या साडूंचा मला हेवा वाटतो. माणूस वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या उस्मानपुऱ्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. साडूंचे पाण्याचे टँकर होते. दोनाचे चार झाले. लहानपणी जिथं आम्ही ज्वारीची शेतं पाहिली होती, तिथं उभ्या राहिलेल्या सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला. गॅलरीतून मल्टिप्लेक्सची पाटी दिसायची. लोकांच्या तहानेवर घर घेतलं, असं मी मनात म्हणायचो. तसं म्हटलं की हेव्याला जरा तत्त्वाचा रंग चढतो.

त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती: उन्हाळ्यातला पिक्चर. मुलगी पहिलीत गेल्यापासून आमचा तो रिवाज होता. वार्षिक परीक्षा जवळ आली की आम्ही दोघं आधी पेपरातल्या जाहिराती आणि पुढे मोबाइलवरचे ट्रेलर बघून सुट्टीतले पिक्चर ठरवायचो. त्यातला एक पहिल्याच दिवशी, फक्त दोघांनी बघायचा. आधी शहागंजजवळच्या जुन्या थेटरात, ते बंद पडल्यावर मल्टिप्लेक्समध्ये.

त्या वर्षी ती सातवीत होती. एका भुताच्या पिक्चरचा ट्रेलर आम्ही इतक्यांदा पाहिला की बायको म्हणाली, "आता त्या भुतालाच जेवायला बोलवा."

पिक्चर शुक्रवारी लागणार होता. गुरुवारी सकाळी लाइनमन सांगून गेला, पाइप फुटलाय, नळ उद्या दुपारी येईल. बायकोला शाळेत पेपर तपासायला जायचं होतं. मोटार लावायला, हौद आणि ड्रम भरायला घरात कुणीतरी हवंच होतं. साडूंच्या कानावर गेलं असावं. त्यांचा फोन आला.

"दादा, कशाला अडकून पडता? एक टँकर पाठवतो की. घरचाच हाय."

"नको. आमच्याकडं नळ आहे," मी ताठ आवाजात म्हणालो.

"बरं, मग तुम्ही पाणी भरा, मी नेतो पोरीला. लई वाट पाहिली तिनं."

मुलगी समोर उभी राहून ऐकत होती. नाही कसा म्हणणार?

शुक्रवारी दुपारभर मी पाणी भरलं. पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकताना डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. भुताचं तोंड पहिल्यांदा दिसेल तेव्हा ती कुणाचा हात धरेल? थेटरातली लाइट जावी, असंही मनात आलं. लाइट गेली ती आमचीच. अर्धा हौद रिकामा राहिला.

संध्याकाळी ती आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "तो पाहिलाच नाही बाबा. काकांना मारामारीचा बघायचा होता. आपला राहिलाय."

मला इतका आनंद झाला की मी लगेच साडूंना फोन लावला. "काय हो, पोरीला भुताचा दाखवणार होता ना?"

ते म्हणाले, "व्हय दादा. मलाच मारामारीचा बघायचा होता. चुकलंच माझं."

मी मोठ्या मनानं त्यांना माफ केलं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. पडद्यावर रिकामा बोळ होता, दिवा शांत जळत होता, संगीतही नव्हतं. आणि माझ्या मुलीनं एका कानात बोट घालून माझा दंड घट्ट धरला. भूत त्यानंतर आलं. थेटर त्यानंतर किंचाळलं. पुढे एका विनोदाच्या आधी ती पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कधी हसतो म्हणून.

तिनं पिक्चर पाहिलेला होता.

शुक्रवारी परत येताना वाटेत तिनं आणि साडूंनी ठरवलं असणार, पाहिला म्हणून सांगायचं नाही, बाबांना वाईट वाटेल. माझा हेवा मी फार नीट झाकलाय, असं मला वाटत होतं. तो सातवीतल्या पोरीला माहीत होता. ज्याचा हेवा वाटत होता, त्यालाही माहीत होता. आणि त्यानं माझ्यासाठी चूक स्वतःवर घेतली होती. अंधार होता म्हणून बरं. मला मान वर करवेना.

पण खरं सांगायचं तर शरमेच्या खालीही ते टोचतच होतं. तिची पहिली किंकाळी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत फुटली होती.

बाहेर पुढच्या महिन्यात येणाऱ्या पिक्चरचं पोस्टर लागलं होतं. ती तिथं रेंगाळली.

"हा पण बघायचाय बाबा."

"हा काकांबरोबर बघ," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

ती स्कूटरवर मागे बसली. तिनं "नको, तुमच्याबरोबरच" म्हणावं म्हणून मी उस्मानपुऱ्यापर्यंत गाडी मुद्दाम हळू चालवत राहिलो.