साहेबांसाठी उजेड
ड्रॉवर आवरताना जुन्या लाइटचा रिमोट हाताला लागला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं सणकलं. लखनौच्या आमच्या बैठकीत मी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती, मासे आणि जिवंत प्रवाळ असलेली. महिनाभर चौकशी करून तिच्यासाठी निळसर लाइट निवडला होता आणि तो मंदच ठेवायचे, कारण एकदम जास्त उजेड पडला की प्रवाळ मरतं. नवऱ्याला हे दहादा सांगून मी आठ दिवस नागपूरला माहेरी गेले. परत आले तर दारातच कुजका, उग्र वास! आत नवऱ्याचे साहेब चहा पीत बसलेले, टाकीवर डोळे दिपवणारा पांढरा झोत, आणि माझं जांभळं प्रवाळ हाडासारखं पांढरं पडलेलं. "वाह भाभीजी, अब रौनक आई है! पहले तो अँधेरा-अँधेरा लगता था," साहेब म्हणाले. "जी सर, उस दिन आपने कहा, तभी फुल कर दिया," नवरा हसत म्हणाला. म्हणजे साहेब घरी गेल्यावरसुद्धा त्याने तो कमी केला नव्हता! आणि मी काय केलं? बॅग खाली ठेवून विचारलं, "सर, और चाय लेंगे?" त्या चहाचा राग मला सगळ्यांत जास्त येतो. काल नवी टाकी आणली. तिचा लाइट माझ्या फोनवरून चालतो. नवऱ्याने सहज पासवर्ड विचारला. मी म्हटलं, "कशाला? साहेब यायचेत का?"