बर्फ वितळेपर्यंत ऐकलेल्या कादंबऱ्या

मिरकरवाड्याहून वसंताच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी माझ्याच पुस्तकाची मुद्रितं तपासत होतो. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत वर्षानुवर्षं लिहिलेल्या कादंबरी-परीक्षणांचा संग्रह. मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव. "काका, बाबा सकाळी गेले," ती म्हणाली... आणि पुढची ओळ मला वाचता येईना. त्याला आता दीड महिना झाला. त्या परीक्षणांतलं जे जे वाचकांना आवडलं, ते बहुतेक वसंताचं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

वसंता मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. शिक्षण दहावी. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. एकदा मासळीला गेलो असताना त्याने माझ्या पिशवीतली नवी कादंबरी मागून घेतली. आठ दिवसांनी परत देताना म्हणाला, "सर, ह्या बाईला लेखकाने रड म्हणून सांगितलंन, म्हणून रडत्ये. तिचं तिला रडू आलेलंच नाही." त्याच कादंबरीवर मी चार पानं लिहून ठेवली होती, पण हे मला दिसलं नव्हतं. मी ते वाक्य लेखात घातलं. संपादकांनी नेमक्या त्याच वाक्याचं कौतुक केलं. मी ते कौतुक माझं म्हणून घेतलं.

मग रीतच पडली. परीक्षणाला आलेलं पुस्तक आधी वसंताकडे जायचं. त्याची पारख करण्याची तऱ्हा न्यारी होती. बर्फ न्यायला आलेल्या खलाशांना तो संवादाची दोन पानं मोठ्याने वाचून दाखवायचा. "बर्फ वितळायला लागला तरी उठले नाहीत, तर समजायचं पुस्तकातली माणसं खरी बोलतायत." एकदा एका गाजलेल्या कादंबरीतला मच्छीमार बोलू लागताच होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल उठला. "होडीत बसून भाषण देतोय मेला! ढकल त्याला पाण्यात." वसंता आठवडाभर हसत होता. पण अवघड पुस्तकाला तो कधी हसला नाही. मुलगा गेलेल्या घरावरची एक तुटक निवेदनाची कादंबरी मी दुर्बोध ठरवणार होतो. त्याने ती तीनदा वाचली. "दुर्बोध नाही, सर. गेलेल्या पोराबद्दल घरात कोण सरळ बोलतं?" ते परीक्षण माझं सर्वोत्तम मानलं जातं... माझं!

आणि मग ती चूक. एक नामवंत लेखक आमच्या कॉलेजात पाहुणे म्हणून यायचे होते. त्यांच्या कादंबरीबद्दल वसंता म्हणाला होता, "सगळी माणसं एकाच तोंडाने बोलतात." मी लिहिलं, 'सर्व पात्रांच्या मुखातून एकच आर्त स्वर उमटतो.' रविवारी त्याने ते वाचलं. सोमवारी भेटल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, "सर, नाव तुमचं आहे, लिवा काय ते. पण माझं बोलणं उलटं करून घालू नका." मी माफी मागितली नाही. चहा मागवला. त्यानेही तो घेतला आणि पुढच्या पुस्तकाबद्दल तितक्याच खरेपणाने बोलला.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. संग्रहावर दोघांची नावं घालतो, म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "घाला. बरं वाटलं असतं त्यांना... पण सर, त्या पाहुण्याच्या पुस्तकावरचा लेख आहे ना, त्याला त्यांचं नाव नको हां."

काल मुद्रितं परत पाठवली. मुखपृष्ठावर आधी वसंताचं नाव आहे, मग माझं. तो एक लेख मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली माझं एकट्याचं नाव छापून येईल.