पोचेपर्यंत केर काढायचा नाही

मुलगा, सून आणि चार वर्षांची नात बडोद्याहून टोरांटोला निघाली ती कायमचीच. गाडी कोपऱ्यावर वळली, तसा मी आत आलो आणि मोबाइलवर अंतर बघितलं. सुमारे बारा हजार किलोमीटर, विमानाने पंधरा तास. सगळी नोकरी कोयलीला रिफायनरीत गेली, त्यामुळे आकडा दिसला की तो तपासायची खोड आहे. हे पंधरा तास कुठल्या विमानाचे? बडोद्याहून टोरांटोला थेट विमानच नाही. कोणीतरी नकाशावर पट्टी ठेवून भागाकार केलेला. अहमदाबादपर्यंतची गाडी, तिथलं विमान, दिल्लीला ताटकळणं, हे सगळं धरलं तर दीड दिवस सहज मोडत होता. मी बायकोला हे सविस्तर समजावलं.

"म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत केर काढायचा नाही," ती म्हणाली.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केरसुणी लावायची नाही, ही तिच्या माहेरची रीत. मी कामासाठी सुरतेला जायचो तेव्हा ठीक होतं, दुपारपर्यंत प्रश्न मिटायचा. आता जमिनीवर नातीने सांडलेला लीलो चेवडो, म्हणजे इथला ओला चिवडा, पडला होता, खडूंचे तुकडे होते, कागदाच्या चुरगळलेल्या होड्या होत्या. चेवड्यातला ओलसर बटाटा पायाला चिकटला की माझं डोकं फिरायचं.

"तू केर काढलास म्हणून विमान काही पडत नाही," मी म्हणालो.

"नाही ना पडत? मग राहू दे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाली आली. बायकोने तिला भांडी घासायला दिली, झाडू दिला नाही. "हजी पहोंच्या नथी," अजून पोचले नाहीत, एवढंच सांगितलं. तिला ते लगेच पटलं. न पटणारा घरात मी एकटाच होतो.

संध्याकाळी मुलाचा निरोप आला, विमान उतरलं. मी बायकोला सांगितलं. तिने देवाला हात जोडले, केरसुणी घेतली आणि जेवणाच्या टेबलाखाली वाकली. ती नातीची जागा. तिथे नातीने फरशीवर खडूने काहीतरी काढलं होतं. हत्ती असेल किंवा मी असेन. एवढा वेळ ती वाटेवर तरी होती. आता पोचली म्हणजे तिथली झाली, हे माझ्या एकदम ध्यानात आलं.

"थांब," मी म्हणालो. "नुसतं विमान उतरलंय. अजून सामान यायचं, मग गाडी मिळायची. घर तिथूनही तासभर लांब आहे."

बायको माझ्याकडे बघत राहिली. माझी फिरकी घ्यायला याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. तिने ती घेतली नाही.

"बरं," म्हणाली आणि केरसुणी दाराआड ठेवून आली.

मग आम्ही बातम्या लावून बसलो. बऱ्याच वेळाने दोघांचेही मोबाइल एकदमच वाजले. घरी पोचलो, सगळं ठीक, असं मुलाने लिहिलं होतं. तिने तिचा वाचला, मी माझा वाचला. थोड्या वेळाने ती पानं घ्यायला उठली आणि चेवड्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.