क्रेटच्या खोलीचं कुलूप

काटोल रोडवरच्या एका संत्र्याच्या पॅकिंग सेंटरमध्ये मी नऊ वर्षं नोकरी केली. राहायला नागपुरात, महाल भागात; रोज कंपनीच्या गाडीनं जाणं-येणं. इंग्रजी बरं होतं, म्हणून बाहेरच्या देशांतल्या व्यापाऱ्यांशी बोलणं माझ्याकडे आलं.

संत्र्याचं मात्र मला काही कळत नव्हतं. ते शिकवलं तिथल्या एका मावशीनं. पन्नाशी उलटलेली बाई. नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून पहिल्या एसटीनं यायची आणि पट्ट्यावरून सरकत येणारी फळं निवडायची. फुगीर फळ दिसायला मोठं, पण साल आतून सुटलेली असते. लांबच्या प्रवासात ते बसतं, म्हणजे दबून खराब होतं. मला ते कधीच ओळखू यायचं नाही. "डोयानं नाही पाहाचं वं पोरी," ती म्हणायची, "तळहातावर घेऊन पाहा." तिच्या हातांवर आणि ओठांभोवती कोड होतं. दुपारी आम्ही सगळ्या तिच्या डब्यातली भाजी खायचो. त्यात कोणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

मग पूर्वेकडच्या शेजारी देशांशी व्यापार सोपा होणार, संत्र्यावरचं तिकडचं आयात शुल्क उतरणार, अशा बातम्या येऊ लागल्या. तिकडचे खरेदीदार सेंटर बघायला येणार असं ठरलं. मालकांनी भिंती रंगवल्या, बायकांना टोप्या आणि हातमोजे आणले. मग मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "त्या कोडवालीला त्या दिवशी सुट्टी द्या. डागी माल समोर नको." आणि हसले. मीही हसले.

मावशीला मी सांगितलं, "मंगळवारी येऊ नका, माल कमी आहे."

"माल त बाहेर लागून राहिला," ती म्हणाली. "मले काहून सुट्टी?"

"साहेबांनी सांगितलंय."

मंगळवारी ती आलीच. नवं पातळ नेसून आली होती. म्हणाली, "एवढ्या दुरून पाहुणे येऊन राहिले, अन् या पोरींच्या भरवशावर माल ठेवू का?" तेवढ्यात चौकीदारानं गाड्या वळल्याचं सांगितलं. मी तिचं कोपर धरून तिला मागच्या क्रेटच्या खोलीत नेलं. "एवढे क्रेट पुसून ठेवा मावशी, अर्ध्या तासात येते." ती आत वाकली तशी मी दार ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं. नुसतं दार लोटलं असतं, तर ती पाच मिनिटांत बाहेर आली असती. किल्ली माझ्या पर्समध्ये.

पाहुणे सहाजण होते. मालकांनी भाषण केलं. शेजाऱ्यांशी धंदा करायचा तर दारं उघडी पाहिजेत, असं काहीसं ते बोलले आणि मी त्याचं चांगलं इंग्रजी केलं. पाहुण्यांमधल्या एका बाईनं नमुन्याच्या पेटीतलं फळ उचललं, तळहातावर तोललं. दुसरं उचललं, तिसरं. एकही फुगीर नव्हतं. ती पेटी मावशीनं आदल्या दिवशी भरली होती.

"हे कोण निवडतं?" तिनं विचारलं.

मालक माझ्याकडे बघायला लागले. "मशीन," मी म्हटलं. पट्ट्यावरच्या दोघींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

निघताना मागून दार वाजल्यासारखा आवाज आला. त्या बाईनं तिकडे पाहिलं. "दुरुस्ती चालू आहे," मी सांगितलं.

जेवण नागपूरला हॉटेलात होतं आणि दुभाषी म्हणून मलाही गाडीत बसवलं. रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तर किल्ली लागली. मी विसरले होते असं नंतर सगळ्यांना सांगितलं, विसरले नव्हते. चौकीदाराला फोन करून कुलूप तोडायला सांगता आलं असतं. पण मालक पुढच्या सीटवर होते, शेजारी पाहुणी होती. किल्ली तशीच आत ठेवली.

जेवणं उरकून परतायला चार तास लागले. मार्च संपत आला होता आणि त्या खोलीवर पत्रे होते. मी कुलूप काढलं तेव्हा ती दाराशीच पडलेली होती. बोटांची सालटी निघाली होती. पातळ ओलं झालं होतं आणि तशा स्थितीतही ती ते हातानं झाकत होती. बायका माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हाका ऐकल्या होत्या, पण चौकीदारानं कुलपाला हात लावू दिला नव्हता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही. दुसरीच्या हातून पाणी प्याली. बायकांनी तिला ऑटोत घालून काटोलला डॉक्टरकडे नेलं, सलाईन लावलं. मी गेले नाही. कराराचा मसुदा संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

करार झाला. मावशी परत आली नाही. पहिलाच माल तिकडे पोचला आणि फळं बसल्याची तक्रार आली. मग मालकांनी मला तिच्या गावी पाठवलं. घरी मी माफी मागायला जाते असं सांगून निघाले.

ती अंगणात तूर पाखडत होती. मला बस असंही म्हणाली नाही.

"तू खरं सांगतलं असतं, त मी आलीच नसती वं," ती म्हणाली. "मले कोड हाय, हे मले का मालूम नाही?"

माफीचे शब्द मी बसमध्ये जुळवले होते. तोंडातून निघालं ते असं: "साहेबांनी बोलावलंय, मावशी."

तिनं सूप खाली ठेवलं. "जाय आता," म्हणाली. "चारची गाडी हुकन तुही."

मालकांना मी सांगितलं, तिची नजर गेली आहे, आता तिला जमायचं नाही. त्यांनी दुसरी बाई लावली. पुढच्या हंगामात पाहुणे पुन्हा आले आणि त्यांच्याबरोबर पट्ट्याशेजारून पुन्हा मीच फिरले.